सीमेवरची हजेरी, कोर्टातली गैरहजेरी

26 जुलै 2025 रोजी, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने श्रीनगरमध्ये ‘वीर परिवार साहाय्य योजना’ सुरू केली. सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना मोफत कायदेशीर मदत मिळावी आणि त्यासाठी आजी-माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच विधी सेवेची सोय व्हावी, असे तिचे ढोबळ स्वरूप. तेव्हापासून या विषयावर जे बोलले जाते ते दोन ठरीव सुरांत. एक सूर म्हणतो, जो देशासाठी जीव द्यायला तयार आहे त्याला एक वकील द्यायला आपण का कुरकुरावे? दुसरा विचारतो, पगार आहे, कॅन्टीन आहे, पेन्शन आहे, नोकऱ्यांत राखीव जागा आहेत, आता वकीलही फुकट? वरवर हे विरोधी पक्ष वाटतात, पण दोघेही कृतज्ञतेचाच तराजू घेऊन बसले आहेत. भांडण फक्त पारड्यात किती टाकायचे एवढ्यापुरते. माझ्या मते हा तराजूच चुकीचा आहे. सैनिकाचा कायदेशीर मदतीवरचा हक्क त्याच्या शौर्यातून येत नाही. सरकार त्याला हुकमाने घरापासून दूर ठेवते आणि आपला कायदा दूर असणाऱ्याला शिक्षा करतो, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तो हक्क जन्माला येतो. हे एकदा मान्य केले की योजना कशी असावी याची उत्तरे बदलतात, आणि त्यांतली काही उत्तरे सैनिकांचा जयजयकार करणाऱ्यांनाही रुचणार नाहीत.

कायदा दूर असणाऱ्याला शिक्षा करतो म्हणजे काय? दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची असते. कोर्टाने मेहरबानी केली तर 90 दिवस. प्रतिवादी आलाच नाही तर दावा एकतर्फी चालतो. गावाकडे फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, आणि हरकत आली नाही की तलाठ्याने धरलेली नोंद मंडळ अधिकारी प्रमाणित करून टाकतो. वाटणीत भावाने बहिणीचे किंवा धाकट्याचे नाव गाळले, शेजाऱ्याने बांध कोरला, मोजणीच्या वेळी खातेदार हजरच नव्हता, अशा गोष्टींत जिंकतो तो बहुतेक वेळा तिथे उभा असलेला माणूस. आता जवानाचा हिशेब बघा. नियमित सेवेत त्याला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा असते, ती केव्हा मिळेल हे पलटण ठरवते आणि तारीख केव्हा पडेल हे कोर्ट ठरवते. या दोन वेळापत्रकांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. परवानगीशिवाय तो तारखेला निघून आला तर आर्मी ॲक्टच्या कलम 39 खाली त्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्यापारी तारखेला गेला नाही तर त्याने धंदा निवडला असे म्हणता येते. नोकरदार निदान राजीनामा देऊ शकतो. कोर्टात हजर राहणे हाच ज्याच्या बाबतीत गुन्हा ठरू शकतो, असा दुसरा नागरिक कोणता?

हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तर शोधणारे आपण पहिले नाही. रोमन कायद्यात राज्याच्या कामासाठी गैरहजर असलेल्या माणसाचा हक्क मुदत उलटल्यामुळे गेला असेल, तर प्रेटर म्हणजे तिथला न्यायाधिकारी तो परत मिळवून देऊ शके. 533 साली जस्टिनियनने संकलित केलेल्या ‘डायजेस्ट’मध्ये या विषयाला स्वतंत्र प्रकरण आहे. विशेष म्हणजे ती सवलत दुहेरी होती: गैरहजर माणसाला जशी मिळे, तशीच त्याच्या गैरहजेरीमुळे ज्याला त्याच्यावर दावा लावता आला नाही त्यालाही मिळे. हा दुसरा भाग लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

आपल्याकडे ही जाणीव पहिल्या महायुद्धाने आणली. पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल 1916 मध्ये शरणागतीनंतर जगले-वाचले ते कैदेत गेले. अशा शिपायाच्या गावच्या जमिनीवर कोणी दावा लावला तर समन्स बजावायचे कुणावर? ब्रिटिश सरकारला शिपायाचा पुळका होता असे नाही. मागे जमीन जाते अशी बातमी पसरली की भरती आटते, हे त्याला कळत होते. 1918 साली आणि मग अधिक व्यवस्थितपणे 1925 साली भारतीय सैनिकांच्या दाव्यांबाबतचा कायदा झाला. त्याची रचना आजही वाचण्यासारखी आहे. प्रतिपक्षी हा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेला सैनिक आहे असे वादीला वाटत असेल, तर ते दाव्यात नमूद करणे वादीवरच बंधनकारक. जिल्ह्यातला एखादा सैनिक हजर राहू शकत नाही असे कलेक्टरला वाटले, तर त्याने स्वतःहून कोर्टाला प्रमाणपत्र पाठवायचे. कोर्टाने कामकाज थांबवायचे, आणि सैनिकाविरुद्ध हुकूमनामा झालाच असेल तर तो रद्द करण्याचा अधिकारही कोर्टाला. सैनिकाच्या सेवेचा काळ मुदतीच्या गणनेतून वगळायचा. म्हणजे धावपळ करण्याचा भार वादीवर, कलेक्टरवर आणि कोर्टावर होता. जो धावू शकत नाही त्याच्यावर नव्हता. वसाहतीच्या सरकारला जमलेली ही उलटी मांडणी आजच्या चर्चेत कुणाला आठवतही नाही, आणि आपण जवानाकडूनच अपेक्षा करतो की त्याने योजनेची माहिती काढावी, अर्ज भरावा, कागद जोडावेत.

पण त्या कायद्याला एक मोठी मर्यादा होती. तो दावा थांबवत होता, लढवत नव्हता. अमेरिकेने 1940 च्या सैनिक-खलाशी कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या 2003 च्या कायद्यात आणखी एक पाऊल टाकले: प्रतिवादी सैन्यात आहे असे दिसले तर त्याच्यासाठी वकील नेमल्याशिवाय एकतर्फी निकाल देता येत नाही. मधल्या काळात, 1943 मध्ये, तिथल्या लष्कराने वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेच्या साथीने सैनिकांच्या खासगी अडचणींसाठी सल्ल्याची यंत्रणा उभी केली होती: मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, घरभाडे, कर्ज, घटस्फोट. स्थगिती आणि वकील या दोन गोष्टींत फार अंतर आहे. स्थगितीने जवानाचे नुकसान टळते, पण प्रश्न तसाच कुजत राहतो. वकिलाने प्रश्न पुढे सरकतो.

आता विरोधकांचे मुद्दे, आणि ते पोकळ नाहीत. पहिला पैशाचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 मध्ये मोफत मदत कुणाला हे सांगितले आहे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि मुले, दिव्यांग, आपत्तिग्रस्त, कोठडीतले लोक, कामगार आणि ठरावीक मर्यादेखालच्या उत्पन्नाचे लोक. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला 3 लाख रुपये. नियमित सेवेतल्या कनिष्ठ जवानाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगानुसार 21,700 रुपये, त्यावर 5,200 रुपये लष्करी सेवा वेतन. महागाई भत्ता न धरताही वर्षाचे 3,22,800 होतात. म्हणजे अगदी कनिष्ठ जवानही या निकषावर गरीब नाही. शिवाय वीरपत्नीला या योजनेने काय नवे दिले? स्त्री म्हणून तिला कलम 12 खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आधीपासून आहेच. मग भूमिहीन मजुराच्या वाट्याचा निधी पगारदार माणसाकडे का वळवायचा?

हा आक्षेप मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच म्हणतो की प्रश्न फीचा नाही. जवान फी देऊ शकतो; पण सियाचीनच्या चौकीवरून तालुक्याच्या कोर्टातला कोणता वकील भरवशाचा, कोण समोरच्या पार्टीला मिळालेला, नक्कल कुठे मागायची, हे तो शोधू शकत नाही. त्याच्या वतीने वृद्ध वडील किंवा बायको फिरते आणि पहिल्या भेटलेल्या माणसाच्या हाती वकीलपत्र देऊन मोकळी होते. त्याला हवी आहे ती हजर राहणारी, जबाबदार, पलटणीशी संपर्क ठेवणारी व्यवस्था. ती मोफत असलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. ज्याला परवडते त्याच्याकडून ठरलेली फी घ्या. आणि गैरहजेरी ज्याच्या हुकमाने निर्माण झाली त्याने खर्च उचलावा, म्हणजे पैसा संरक्षणाच्या अंदाजपत्रकातून यावा. गरिबांच्या विधी सेवेच्या निधीला हात लावून देशभक्ती दाखवणे मला तरी पटत नाही.

दुसरा आक्षेप असा की कायदे भरपूर आहेत, ते वापरा. खरे आहे. आर्मी ॲक्टचे कलम 32 सांगते की दाव्यासाठी रजा मंजूर झाल्याचे लष्करी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र दिले, तर कोर्टाने शक्यतो त्या रजेच्या काळातच सुनावणी आणि निकाल उरकावा. दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर 28 जवानाला त्याच्या वतीने दावा चालवायला कुणाही माणसाला लेखी अधिकार देऊ देतो, सही कमांडिंग ऑफिसरसमोर केली की झाले. समन्स कमांडिंग ऑफिसरमार्फत बजावण्याची सोय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 23 सैनिकाला आणि त्याच्या विधवेला स्वतःच्या राहण्यासाठी घर परत मिळवण्याचा खास मार्ग देते. कूळ कायद्यात सशस्त्र दलांतल्या जमीनमालकांसाठी वेगळे प्रकरणच आहे. आता यांतली किती कलमे तालुक्याच्या कोर्टात कुणी काढून दाखवतो? ‘शक्यतो’ हा शब्द कोर्टाच्या पथ्यावर पडतो. त्या शब्दाला धरून न्यायाधीशापुढे रोज उभे राहणारे कुणी नसेल तर कलम 32 ही केवळ शुभेच्छा उरते.

शिवाय सवलती तपासून बघायलाही माणूस लागतो. भारतीय वारसा कायदा, 1925 चे कलम 65 मोहिमेवर किंवा प्रत्यक्ष युद्धात असलेल्या सैनिकाला साधे, प्रसंगी दोन साक्षीदारांसमोर तोंडी मृत्युपत्र करण्याची मुभा देते. वाचताना छाती भरून येते. पण त्याच कायद्याचे कलम 57 आणि तिसरी अनुसूची वाचली की कळते, हिंदू, शीख, बौद्ध आणि जैन यांना लागू होणाऱ्या तरतुदींत हे कलम नाहीच. म्हणजे भारतीय सैन्यातल्या बहुसंख्य जवानांना ही मुभा मिळत नाही. पलटणीत कुणाला हे कुणी सांगितले आहे? कुणी चौकीवर शब्द टाकून गेला आणि घरी भाऊबंद त्या शब्दावरून कोर्टात गेले, तर निकाल काय लागेल हे उघड आहे. यासाठी मोठा खटला लढायला नको. मोहिमेवर जाण्यापूर्वी अर्धा तास वकिलासमोर बसून दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी रीतसर मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र केले तर पुढची दहा वर्षे वाचतात. कायदेशीर मदत म्हटले की आपल्याला कोर्टच दिसते. यातले निम्मे काम कोर्टाच्या आधीचे आहे.

आणि व्हिडिओवरून सुनावणी होते की आता, असे म्हणणाऱ्यांना इतकेच सांगतो: फोनमुळे घरच्या भांडणाची बातमी चौकीपर्यंत त्याच रात्री पोचते. माणूस मात्र तिथेच राहतो. उलट, पूर्वी पत्र पोचेपर्यंत तरी झोप लागत असे.

तिसरा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. गैरहजेरी हाच निकष असेल तर फक्त सेनेलाच का? सीमा सुरक्षा दलाचा, केंद्रीय राखीव दलाचा जवान घरापासून तितकाच लांब असतो, रजेसाठी तितकाच ताटकळतो. पण तो संरक्षण मंत्रालयाखाली नाही, गृह मंत्रालयाखाली आहे. आर्मी ॲक्ट त्याला लागू नाही, सैनिकांचे सेवेविषयीचे खटले चालवणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात त्याला जाता येत नाही. कृतज्ञतेच्या भाषेत याचे उत्तर नसते, तिथे फक्त कोण जास्त शूर याची निरर्थक तुलना सुरू होते. गैरहजेरीच्या भाषेत उत्तर सरळ आहे: त्यालाही द्यावे. ज्याला राज्याने हुकमाने हलवले आणि जाण्यास नकार देणे ज्याच्यासाठी गुन्हा केला, तो प्रत्येकजण या व्याख्येत बसतो. बोटीवर करार करून जाणारा व्यापारी खलाशी बसत नाही. रेषा कुठे तरी आखावी लागते आणि ही रेषा निदान कारण देऊन आखता येते.

आता विरोधकांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा, जो ते स्वतः क्वचितच मांडतात. सैनिकाच्या खटल्यात समोरही कुणीतरी असते. बांधावरचा दोन एकरवाला शेतकरी असेल, भाडेकरू विधवा असेल, आणि फार वेळा सैनिकाची बायको असेल. सैनिकाला स्थगिती मिळते तेव्हा यांचा न्याय लांबतो. पोटगी मागणाऱ्या स्त्रीसाठी ‘प्रतिवादी सीमेवर आहे’ हे वाक्य म्हणजे आणखी सहा महिने माहेरच्या उपकारावर. रोमन प्रेटरने हे ओळखले होते म्हणून सवलत दोन्ही बाजूंना दिली. मी स्थगितीपेक्षा वकिलावर भर देतो त्याचे हेही कारण आहे: जवानाच्या वतीने कोणी उभे राहिले तर तारीख वाढवून मागायला सबब उरत नाही, आणि समोरच्यालाही निकाल मिळतो. नीट चालवलेली मदत प्रतिपक्षाच्याही हिताची असते.

बायकोचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही, आणि इथे योजनेच्या नावातला ‘परिवार’ हा शब्द फसवा आहे. परिवार म्हणून एकच अशील नसते. जवान आणि बायको, वीरपत्नी आणि सासू-सासरे, पहिल्या घरातली मुले आणि दुसरे लग्न, यांची हिते अनेकदा समोरासमोर असतात. 2024 च्या जुलैमध्ये देशभर चर्चा झाली ती नेमकी याची: मरणोत्तर मिळणाऱ्या रकमांवर पत्नीचा हक्क किती आणि आई-वडिलांचा किती. त्या वादात बहुतेकांनी सून लोभी की सासरे लोभी याचा निवाडा घरी बसून केला. ग्रॅच्युइटी, विमा, कुटुंब निवृत्तिवेतन यांचे नियम वेगवेगळे आहेत हे सांगणारा आवाज क्षीण होता. आणि नियमांनीही काय केले होते? शौर्यपदकाचा भत्ता घेणाऱ्या विधवेने पुनर्विवाह केला तर भत्ता बंद. दिराशी केला तर चालू. ही अट 2017 पर्यंत होती. विधवेने कुणाशी लग्न करावे हे सरकार भत्त्याची दोरी ओढून सुचवत होते आणि वर्षानुवर्षे त्यात कुणाला वावगे वाटले नाही.

नांदत्या घरातही पत्नीची तक्रार आधी जाते ती कमांडिंग ऑफिसरकडे. त्याचा काही उपयोग नाही असे नाही; आर्मी ॲक्टमध्ये पत्नी-मुलांच्या निर्वाहासाठी पगारातून थेट कपात करण्याची तरतूद आहे आणि पुष्कळ स्त्रियांना कोर्टापेक्षा ती लवकर लागू पडते. पण कमांडिंग ऑफिसरला पलटण सांभाळायची असते. तडजोड घडवणे त्याच्या सोयीचे असते, आणि घरगुती हिंसाचारात तडजोडीची सोय कुणाच्या जिवावर होते हे सांगायला नको. अमेरिकेतल्या लष्करी सल्ला केंद्रांत पती आधी येऊन गेला असेल तर पत्नीला दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवतात, कारण एकच वकील दोघांचा होऊ शकत नाही. आपली केंद्रे मात्र सैनिक मंडळांच्या कार्यालयांत. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी हा स्वतः निवृत्त अधिकारी, कर्मचारी बहुधा माजी सैनिक. माजी सुभेदार साहेबांसमोर बसून सेवेतल्या नवऱ्याविरुद्ध तक्रार सांगायला किती जणी धजावतील? तिच्यासाठी दार तालुका विधी सेवा समितीचेच हवे, आणि तिला तिथे पाठवायचे हे सैनिक कार्यालयाला लेखी सांगितलेले हवे.

राहिला तो प्रतिपक्ष, ज्याचे नाव समारंभात कुणीच घेत नाही: खुद्द सरकार. जवानाचा एक नेहमीचा खटला अपंगत्व निवृत्तिवेतनाचा असतो. आजार सेवेमुळे उद्भवला किंवा बळावला का, यावर सगळे अवलंबून. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की भरतीच्या वेळी तंदुरुस्त नोंदलेल्या जवानाला पुढे आजार झाला तर तो सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. तरीही मंत्रालय आपल्याच अपंग सैनिकांविरुद्ध अपिले करत राहिले. 2015 मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी तज्ज्ञ समिती नेमली ती हे खटले कमी कसे करावेत हे सांगण्यासाठीच. सेनेतली जॅग शाखा, म्हणजे सेनेचा स्वतःचा कायदा विभाग, इथे जवानाच्या कामाची नाही. ती कमांडरला सल्ला देते, जवानाचा वकील नसते. समरी कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे पलटणीतच चालणाऱ्या झटपट लष्करी खटल्यात, तर कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट असतो, लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, आणि आरोपीच्या शेजारी बसलेल्या ‘मित्रा’ला कोर्टासमोर बोलण्याची मुभा नसते. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करी न्यायात अपिलाची सोय नसल्याबद्दल बोलून दाखवले. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा यायला 2007 उजाडले. आता न्यायाधिकरण आहे, पण चंदगड किंवा खटावच्या माणसासाठी ते मुंबईत आहे.

म्हणून ही योजना सेनेच्या नव्हे, न्यायव्यवस्थेच्या हाताखाली आहे ही तिची सर्वांत चांगली बाजू, आणि तीच सगळ्यांत आधी बोथट होण्याची भीती. शिबिरे भरतील, हार-तुरे होतील, सातबाऱ्याच्या किरकोळ तक्रारी सुटतील. तेही काही वाईट नाही. पण निवृत्तिवेतनाचे नियम आणि वैद्यकीय मंडळाचे अहवाल वाचता येणारा वकील तुटपुंज्या मानधनावर पॅनेलवर मिळत नाही, आणि मिळाला तरी सरकारविरुद्ध अर्ज लिहायला त्याला कुणी अडवणार नाही याची खात्री हवी. योजनेचा वार्षिक अहवाल येईल तेव्हा शिबिरांची संख्या मी शेवटी बघेन. आधी दोन रकाने बघेन: किती अर्जांत प्रतिवादी संरक्षण मंत्रालय होते, आणि किती अर्जांत स्वतः जवान.